फणा नसलेला नागोबा

लोकांना चिंचा-बोरांचे डोहाळे लागतात. मला एका चित्राचे लागले, आणि त्या चित्रात साप होता.

हे सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. गरोदर बाईनं काय बघावं आणि काय बघू नये याबद्दल आमच्याकडे फार ठाम मतं असतात. बाळकृष्ण बघावा, फुलं बघावीत, शेजारपाजारची गोरीगोमटी मुलं बघावीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा डच माणसानं रंगवलेला, फुलपाखरावर टपलेला साप या यादीत कुठेच बसत नाही.

आधी त्या तपासणीचं सांगते. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, म्युनिकला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. पहिलं मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. त्यामुळे या खेपेला मी आनंद करायच्या भानगडीतच पडले नाही. कुणाला सांगितलं नाही, झबली-टोपडी तर सोडाच, पाळण्याचा साधा फोटोही मोबाइलवर बघितला नाही. तिसरा महिना संपत आल्यावर सोनोग्राफीला गेले. आमच्या डॉक्टरीणबाई बडबड्या. पोटावर जेल लावता लावता उन्हाळ्याबद्दल, तळ्यात पोहण्याबद्दल त्यांचं चाललं होतं. बोलता बोलता त्या पडद्याकडे बघून गप्प झाल्या. 

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं. बाळाच्या मानेमागे पाणी जरा जास्त दिसतंय. ‘आउफफेलिग’ आहे. जर्मन डॉक्टरांचा हा फार आवडता शब्द. नजरेत भरणारं, एवढाच त्याचा अर्थ. चांगलं का वाईट ते त्यात सांगितलेलं नसतं. काहीच नसेलही, म्हणाल्या, आणि काही असेलही. खात्री करायची तर अजून काही आठवड्यांनी पोटात बारीक सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढावं लागेल. सुईमुळे मूल जाण्याची शक्यता अगदी कमी, पण शून्य नाही. आणि हे सगळं नको असेल, तर न जाणून घेण्याचाही तुम्हाला हक्क आहे.

मला त्या स्थितीतही हसू येणार होतं. या देशात माहीत नसण्यालासुद्धा कायदा आहे.

नवरा बाहेर बसला होता, कारण त्याला दवाखान्यातला वाससुद्धा सोसत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे प्रॉबॅबिलिटी बघितली तर आपण गुड साइडला आहोत." मला त्याचा इतका राग आला की मी त्याला ऑफिसला पाठवून दिलं. खरं तर तो माझ्याहून घाबरला होता. घाबरला की तो टक्केवारीत बोलतो.

बाहेर ऊन रणरणत होतं. घरी जाऊन भिंतींकडे बघत बसायची माझी छाती होईना. ट्राममधून उतरून चालता चालता जुन्या चित्रांचं ते मोठं म्युझियम लागलं. आत गारवा असतो एवढंच मला माहीत होतं. मोठ्या दालनांमधून राजे, लढाया, उघड्या अंगाच्या देवी सगळं मागे टाकत मी कोपऱ्यातल्या एका लहान खोलीत गेले. तिथे बाक होता आणि बाकासमोर ते चित्र होतं.

पहिल्यांदा ते नुसतंच काळं वाटलं. बघत राहिलं की त्या काळ्यातून एकेक गोष्ट पुढे येई. आधी काटेरी झाडाचं एक थोरलं पान, कडेनं कुरतडलेलं. मग त्याच्या बुंध्याशी फिकट अळंबी, ओलं शेवाळं, शिंगं बाहेर काढलेली गोगलगाय. त्याच्याखाली एक बेढब बेडूक, त्याच्या अंगावरचा प्रत्येक फोड दिसेल असा. आणि उजवीकडून निघालेला साप. मान उचललेली, तोंड उघडलेलं, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरं फुलपाखरू. खालच्या पाटीवर चित्रकाराच्या नावापुढे ‘वाल्डबोडेन’ असं लिहिलं होतं, म्हणजे जंगलातली जमीन. पुढे असंही होतं की हा माणूस ओल्या रंगावर खऱ्या फुलपाखराचे पंख दाबून ठसा उठवायचा, पंखांवरची भुकटी चित्राला चिकटून राहायची.

मी तिथे किती वेळ बसले कुणास ठाऊक. आठवड्याभरात दोनदा परत गेले. मग जाणं नियमच झाला. ऑफिस सुटलं की यू-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, धरायची, बॅग लॉकरमध्ये टाकायची आणि सरळ त्या खोलीत. घरी सगळे मला ‘काळजी करू नकोस’ म्हणत होते. आई फोनवर म्हणायची, नवरा म्हणायचा, इंटरनेटवरच्या अनोळखी बायकासुद्धा म्हणायच्या. ते चित्र तसलं काही म्हणत नव्हतं. तिथे साप तोंड उघडून तयार होता आणि फुलपाखरू अजून जिवंत होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मी जाऊन तपासून येई. आहे ना अजून? आहे. मग त्या दिवसापुरता श्वास घेता येई. वेडेपणा होता हे मलाही कळत होतं.

जुलैत सासूबाई आल्या. ठरल्याप्रमाणे त्या बाळंतपणाला यायच्या होत्या, पण नवऱ्यानं फोनवर काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी व्हिसा करून विमानच गाठलं. पुण्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. बोलणं मोजकं, साडी कडक इस्त्रीची, आणि रिकामं बसणं ठाऊक नाही. आल्या त्याच दिवशी त्यांनी बॅगेतून लोणी खाणाऱ्या बाळकृष्णाचं चित्र काढून आमच्या पलंगासमोर लावलं. गुटगुटीत, निळा, भलताच खूश. माझं आणि त्याचं काही जमेना. सकाळी डोळे उघडले की तो माझ्याकडे बघून हसत असे आणि मला वाटे, तुझं काय जातंय.

"संध्याकाळी कुठे जातेस गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"म्युझियमला जाते आई. गार असतं तिथे."

"काय बघतेस?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्या दिवशी सुचलं नाही. सांगून टाकलं. साप, बेडूक, अळंबी, सगळं.

त्यांनी भाजी निवडायची थांबवली. "या दिवसांत?" एवढंच म्हणाल्या. शिक्षिकेचा एक शब्द पुरतो. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम ठणकावून सांगून गेले.

मग श्रावण लागला आणि आमच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. आदल्या दिवसापर्यंत झपाझप कोबी चिरणाऱ्या बाई श्रावण लागल्याबरोबर सुरीला हात लावीनात. पालेभाजी हातानं तोडत, शेंगा मोडत, पण कांदा, दुधी, बटाटा असलं काही आलं की मला हाक. "जरा चिरून देतेस?" मला या दिवसांत कांद्याचा वासही सोसत नसे. डोळे पुसत चिरताना मी मनातल्या मनात त्यांचं सासूपण काढत असे. शिवाय काकडी त्यांना चालत नसे. वर्षाचे बारा महिने नाही. फ्रिजमध्ये इथली हातभर लांब काकडी असायची, मी कोशिंबीर केली की त्या वाटी बाजूला सारत. "थंड पडते मला," म्हणत. उन्हाळ्यात.

सुईची तारीख आली ती या दिवसांतच. दवाखान्यातून फोन आला, मी तारीख मोठ्यानं म्हणून दाखवली. सासूबाईंनी पुण्याहून आणलेलं कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं होतं. त्या उठून तिथे गेल्या, चष्मा वर करून बघितलं, आणि तशाच उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी पंचमी आहे," त्या म्हणाल्या.

नागपंचमी. मला आठवण राहिली नव्हती, पण आमच्या लहानपणी तो दिवस कसा असे ते ताबडतोब आठवलं. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. शिवणाची सुईसुद्धा हातात घ्यायची नाही, टोचायचं म्हणून काही नाही. नागाला लागतं. आणि माझ्या पोटात त्या दिवशी सुई घालणार होते.

"पुढची तारीख माग की," त्या म्हणाल्या.

मी मागितली. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की त्यानंतर डॉक्टरांचा उरलाउब, म्हणजे रजा, आहे, थेट सप्टेंबरात. नवरा घरी आल्यावर त्यानं आईला समजावलं. "आई, इथे डॉक्टर सुट्टीवर गेला म्हणजे गेला. आणि तोवर फार उशीर होईल. काही निर्णय घ्यायचा झाला तर..." तो तिथेच थांबला. तो निर्णय काय असू शकतो हे आम्ही तिघंही एकमेकांसमोर कधी बोललो नव्हतो.

मी भांडणाच्या तयारीत होते. विज्ञान शिकवलंत ना हो आयुष्यभर, इथपासून सगळी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. पण सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. जेवण वाढलं, झाकपाक केली, ओटा पुसला. दुसरा दिवसही तसाच गेला. त्यांचं ते गप्प राहणं मला डॉक्टरीणबाईंच्या गप्प होण्यासारखं वाटायला लागलं आणि माझी भीती दुप्पट झाली. सुईनं काही झालं तर? आणि झालं तर या बाई पुढची चाळीस वर्षं माझ्याकडे कशा बघतील?

पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या नेसून तयार होऊन माझ्यासमोर आल्या. "चल. तो तुझा साप दाखव मला."

यू-बानमध्ये त्या पर्स मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या. म्युझियममध्ये पर्स लॉकरमध्ये ठेवायला सांगितली तेव्हा त्यांनी आधी तिच्यात हात घालून काहीतरी मुठीत घेतलं. मला वाटलं, रुमाल असेल.

चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. वर्गात मुलाचं उत्तर तपासावं तसं डावीकडून उजवीकडे बघत गेल्या. "भेक आहे हा, साधा बेडूक नाही. कातडी बघ," त्या म्हणाल्या. मग, "हा नाग नाही. फणा कुठाय?"

"इथल्या सापांना फणा नसतो आई."

"हं." मग जरा वेळानं, "थंडीचा काढत नसतील."

मी त्यांना फुलपाखराच्या पंखांचं सांगितलं. ते खरे आहेत, म्हटलं, रंगवलेले नाहीत, दाबलेले आहेत. त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "खरे? म्हणजे खरं फुलपाखरू आहे ते?" परत चित्राकडे बघितलं. त्यांचा चेहरा बदलला. "नुसतं चित्र नाही, मग चालेल," त्या पुटपुटल्या, आणि मला काही कळायच्या आत एक पाऊल पुढे सरकून त्यांनी मूठ उघडली. मुठीत पुण्याहून आणलेल्या ज्वारीच्या लाह्या होत्या आणि हळदीकुंकवाची चपटी डबी. करंगळीनं डबीचं झाकण उघडून कुंकवाचं बोट त्यांनी सापाच्या दिशेनं उचललं.

"अहो आई!" मी ओरडले. त्याच क्षणी भिंतीतून कर्कश पीप पीप सुरू झालं.

त्या दचकल्या, लाह्या खाली सांडल्या. शेजारच्या दालनातून गार्ड धावत आली. उंच, धिप्पाड बाई, आवाज त्याहून मोठा. "आबश्टांड, बिटं! आबश्टांड!" लांब राहा, लांब राहा. मी आधी चित्राकडे बघितलं, कुंकू लागलं का म्हणून. नव्हतं लागलं. मग सासूबाईंच्या बोटाकडे बघितलं. ते हवेत तसंच होतं, लाल. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

माझी सगळी जर्मन भाषा पळून गेली होती. तरी मी बोलत सुटले. उद्या आमच्याकडे सापाचा सण आहे. त्या दिवशी सुई, सुरी काही चालवत नाहीत. आणि उद्या सकाळीच माझी तपासणी आहे, पोटात सुई घालणार आहेत, बाळाचं काही आउफफेलिग आहे. म्हणून त्या त्याला विचारायला आल्या. सापाला. बोलता बोलता मला रडू फुटलं. एवढ्या आठवड्यांत मी पहिल्यांदा रडले आणि तेही म्युझियमच्या युनिफॉर्मसमोर.

गार्ड आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. "आल्झो," ती म्हणाली, म्हणजे बरं तर. मग जमिनीवरची करडी रेघ बोटानं दाखवली. या रेघेच्या अलीकडून. हात लावायचा नाही, काही टाकायचं नाही. सांडलंय ते उचला. एवढं सांगून ती दाराशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

सासूबाई रेघेच्या अलीकडे उभ्या राहिल्या, हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. आरती किंवा स्तोत्र नव्हतं ते, त्या कुणाशीतरी बोलत असाव्यात तसं चाललं होतं. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून लाह्या वेचल्या. एक बाकाच्या पायाखाली गेली होती, ती निघेना. ती बहुतेक अजून तिथेच असेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आत एकालाच सोडणार होते. नवऱ्यानं सुई लांबूनसुद्धा बघितली असती तर डॉक्टरांना आधी त्याला उचलावं लागलं असतं. "मी जाते," सासूबाई म्हणाल्या. मला त्या नको होत्या. पंचमीच्या दिवशी सुईसमोर मला त्यांचा चेहरा नको होता. पण तेवढं बोलायचं बळ नव्हतं.

मी सुईकडे बघितलं नाही. छताकडे बघितलं. सासूबाईंनी माझा हात धरला होता आणि त्या पडद्याकडे बघत होत्या, डोळ्याची पापणी न लववता. टोचलं तेव्हा मी ओरडले नाही, त्यांनीच श्वास आत ओढला. "बाळ लांब सरकलं, सुईपासून," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "हुशार आहे. हात हलवतंय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं, आता दोन दिवस आराम, पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं तर लगेच या. पहिला निकाल दोन-तीन दिवसांत फोनवर.

घरी मी सोफ्यावर पडले. पोटात काही हललं की घाबरायची, काही हललं नाही की अजून घाबरायची. बाथरूमला जायची भीती वाटत होती, काय दिसेल म्हणून. सासूबाईंनी पंचमीचं म्हणून पुरणाची दिंडं उकडली. तळण नाही, तवा नाही. वाटीत दिंड आणि वर तूप घेऊन त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"काय मागितलंत हो काल?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "हा व्हायच्या आधी मला एक झालं होतं," त्या म्हणाल्या. ‘हा’ म्हणजे माझा नवरा. तो तेव्हा आतल्या खोलीत कॉलवर होता. "सातवा महिना होता. पंचमीचा दिवस. मला काकडीचे डोहाळे. सकाळपासून नुसती काकडी डोळ्यांसमोर. घरात चिरायचं नाही, म्हणून दुपारी सगळ्या झोपल्यावर मी विळी घेतली आणि एक काकडी चिरून खाल्ली. चोरून. मीठ लावून. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. मुलगी होती. रडलीच नाही."

मी उठून बसले.

"माझ्या सासूबाई म्हणाल्या, पंचमीला विळी घेतलीस. साल त्यांनी सुकलेली बघितली होती ना, मोरीत. मग दरवर्षी श्रावण लागला की कुणीतरी म्हणायचंच. रागानं नाही गं, सहज. बोलता बोलता." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मला माहीत आहे असं काही नसतं. नववीला शिकवलंय मी सगळं, फळ्यावर आकृती काढून. वर्गात माहीत असतं. घरी आलं की नसतं."

"मग काल?"

"काल त्याला सांगितलं, उद्या आमच्याकडे सुई आहे. तिची इच्छा नाही, तारीखच तशी मिळाली. काही बरंवाईट झालं तर तिच्या नावावर घालू नकोस. माझ्या नावावर एक आहेच, हेही माझ्याच नावावर घाल." मग त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "खा. गार होतंय."

मी ते दिंड रडत रडत खाल्लं. मला वाटलं होतं, काही झालं तर त्या मला बोल लावतील. त्या तर तो आधीच आपल्याकडे घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांना ते जरा अवघड गेलं असावं, पण त्यांनी मला उठवलं नाही.

पुढचे दिवस फोनची वाट बघण्यात गेले. फोन वाजला की तिघंही जागच्या जागी थांबायचो. एकदा पार्सलवाला होता, एकदा नवऱ्याचा मॅनेजर. खरा फोन आला तेव्हा मी ओट्याशी दुधी चिरायला घेतला होता आणि सासूबाई माझ्या शेजारी मेथी निवडत होत्या. मी स्पीकर लावला.

डॉक्टरीणबाईंनी नमस्कार-चमत्कार न करता एकच शब्द म्हटला. "उनआउफफेलिग." मग पुन्हा सावकाश सांगितलं. बघितलेल्यात नजरेत भरण्यासारखं काही नाही. सविस्तर निकाल पुढे येईल, हृदयही एकदा नीट बघू, पण मला आज तरी काळजीचं कारण दिसत नाही. मी डांके, डांके म्हणत आभार मानत राहिले. नवरा बाहेर आला, त्यानं ऐकलं आणि तो तसाच फरशीवर खाली बसला. टक्केवारी काही सांगितली नाही.

सासूबाईंना जर्मन येत नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, हातात मेथीची काडी तशीच.

"काही नाही आई," मी म्हटलं. "काही नाही सापडलं. बाळ नीट आहे."

त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. पदराला हात पुसले. देवासमोर जातील असं वाटलं, पण त्या फ्रिजकडे गेल्या. ती हातभर लांब काकडी काढली, नळाखाली धुतली. मग माझ्यासमोर हात पुढे केला.

"सुरी दे."

श्रावण चालू होता. मी सुरी दिली. त्यांनी काकडीचं टोक कापलं आणि त्याच चकतीनं कापलेल्या जागी गोल गोल घासत राहिल्या, फेस येईपर्यंत, कडूपणा निघावा म्हणून आपल्याकडे घासतात तसं. इथली काकडी कडू नसते हे मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. त्यांनी एक जाड, वेडीवाकडी चकती कापली, मीठ लावलं, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

"कडू नाहीये गं," त्या म्हणाल्या, आणि दुसरी चकती कापून माझ्यापुढे धरली.